हिमप्रपाताचीं शंभर वर्षें

डोंगराच्या उतारावर सांचलेला बर्फ एकाएकीं सुटून वेगानें खालीं येतो, त्यास हिमप्रपात म्हणतात. सह्याद्रीच्या सावलींत राहणाऱ्या आपणां लोकांस दरड कोसळणें म्हणजे काय, हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पावसाळ्यांत घाट बंद पडला कीं त्याचा अर्थ घरोघर कळतो. हिमप्रपात ही बर्फाची दरडच होय. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. दरड बहुधा पावसानें सुटते. हिमप्रपात मात्र पुष्कळदां माणसाच्या पावलानें सुटतो, आणि अलीकडच्या काळांत माणसाच्या यंत्रानें. आज मी जो इतिहास आपणांस सांगणार आहें, तो या एका भेदाचा इतिहास आहे. त्याचें स्थळ कॅनडा देशाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांत. त्याचा आरंभ १९१० सालच्या मार्च महिन्यांतील एका रात्रीपासून करावयाचा, आणि बरोबर शंभर वर्षांनंतरच्या मार्च महिन्यांत त्याच मुलखांत परत यावयाचें.

या प्रांतांतील सेल्कर्क पर्वतांवर हिंवाळाभर पॅसिफिक महासागराकडून बाष्पानें भरलेले वारे येत राहतात, आणि त्या बाष्पाचें हिम होऊन तें उतारांवर थरावर थर सांचतें. या पर्वतांतून आगगाडी नेण्याजोगी वाट मेजर रॉजर्स या पाहणी करणाऱ्या गृहस्थानें १८८१-८२ सालीं शोधून काढली. म्हणून त्या खिंडीला रॉजर्स खिंड हें नांव पडलें. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनें या खिंडींतून लोहमार्ग टाकला आणि १८८५ सालीं तो पुरा झाला. एवढा विस्तीर्ण देश एका सूत्रांत ओंवणारा मार्ग म्हणून त्याचा मोठा गौरव झाला. परंतु खिंडीच्या दोन्ही अंगांना उभे चढ होते, आणि त्यांवरचा बर्फ दर हिंवाळ्यांत रुळांवर उतरत असे. रेल्वेनें मार्गावर ३१ ठिकाणीं भक्कम लांकडी छपऱ्या उभारल्या. वरून येणारा लोट छपरावरून घसरत पलीकडे दरींत जावा आणि खालून गाडी सुखरूप निघावी, अशी ही योजना होती. युक्ति चांगली होती. तथापि सगळ्या मार्गावर छप्पर घालणें शक्य नव्हतें, आणि बर्फाला जागा निवडण्याचें स्वातंत्र्य होतें.

१९१० सालच्या मार्चच्या ४ तारखेस खिंडीच्या माथ्याजवळ चीऑप्स नांवाच्या डोंगरावरून एक हिमप्रपात आला आणि रुळ गाडले गेले. मार्ग मोकळा करण्यासाठीं मजुरांची टोळी आणि बर्फ कापणारें फिरत्या पात्यांचें यंत्र रवाना झालें. रात्रीचा अंधार, वरून हिमवर्षाव, आणि खालीं फावड्यांनीं बर्फ उपसणारीं माणसें. गाडी जाण्यापुरती वाट खणतां खणतां दोन्ही बाजूंस बर्फाच्या भिंती उभ्या राहिल्या आणि मजूर जणूं खंदकांत उतरले. मध्यरात्रीला अर्धा तास उरला असतां समोरच्या बाजूच्या डोंगरावरून दुसरा लोट आला आणि त्या खंदकांत भरला. अवजड इंजिन उचललें जाऊन उलटें पडलें. ५८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांपैकी ३२ जण पोटासाठीं समुद्र ओलांडून आलेले जपानी मजूर होते.

पहिला लोट येऊन गेला, आतां उतार रिकामा झाला, धोका सरला, असें माणसाचें मन स्वभावतःच मानतें. त्या रात्रीं ही समजूत खोटी ठरली. धोका समोरच्या उतारावर तसाच बसलेला होता. पहिल्या प्रपातांत कोणीहि मेलें नव्हतें. जे मेले ते त्याचा बर्फ उपसण्यास गेलेले होते. श्रोत्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें ती पुन्हां आपणांस भेटणार आहे.

तो सारा आठवडाच त्या पर्वतप्रदेशास घातक ठरला. त्याच्या आधीं तीनच दिवस, १ मार्च रोजीं, सरहद्दीच्या दक्षिणेस अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांत वेलिंग्टन येथें बर्फामुळें अडकून पडलेल्या दोन गाड्या हिमप्रपातानें दरींत लोटल्या आणि ९६ माणसें दगावलीं. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनें या अनुभवांतून जो निर्णय घेतला, तो मोठ्या मनाचा म्हटला पाहिजे. तिनें खिंड सोडली. डोंगराच्या पोटांतून सुमारें ८ किलोमीटर लांबीचा कॉनॉट बोगदा खणून १९१६ सालीं तिनें आपली वाट जमिनीखालीं नेली. ज्या मार्गाची एवढी कीर्ति गाइली गेली, तो अवघ्या तीस वर्षांत ओसाड पडला. बर्फाशीं झुंजण्यापेक्षां त्याच्या वाटेंतून दूर होणें बरें, असा हा निवाडा होता.

आतां हिमप्रपात होतो कसा, हें थोडक्यांत पाहूं. उतारावरचा बर्फ म्हणजे एकजीव ढीग नव्हे. प्रत्येक हिमवर्षाव आपला एक थर टाकून जातो, आणि प्रत्येक थराची घडण वेगळी असते. हें रहस्य जुन्या लोकांनाहि अगदींच अज्ञात नव्हतें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानें आल्प्स पर्वताविषयीं लिहितांना गोठलेल्या थरांवर थर बसतात आणि वरचे थर सुटून येतात, असें नमूद केलें आहे. स्वित्झर्लंडमधील अंडरमाट या गांवानें १३९७ सालींच गांवावरच्या उतारावरील रान तोडण्यास बंदी घातली. तीं झाडें बर्फाला धरून ठेवतात, हें त्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें कळलेलें होतें. पण थरांचें शास्त्र तयार झालें तें विसाव्या शतकांत. डाव्होसच्या वर वाइसफ्लुयोख येथें १९३६ पासून स्विस संशोधक बर्फाचे थर कापून, भिंगाखालीं धरून, दाबून आणि ताणून पाहूं लागले.

त्यांना असें दिसलें कीं, बर्फाचे कण पडल्यावरहि स्वस्थ बसत नाहींत. त्यांचें रूप सतत पालटत असतें. निरभ्र थंड रात्रीं बर्फाच्या पृष्ठावर दंव गोठून पिसांसारखे नाजूक स्फटिक उभे राहतात. सकाळीं ते उन्हांत चमकतात आणि पाहणाऱ्याला मोठे मनोहर वाटतात. त्यांवर नवा बर्फ पडला कीं ते झांकले जातात, पण नाहींसे होत नाहींत. वर घट्ट पाट्यासारखा थर, खालीं जुना कठीण थर, आणि मध्यें हे ठिसूळ स्फटिक, अशी रचना आठवडेंच्या आठवडे टिकूं शकते. मग कोणी तरी त्या पाट्यावर भार घालतो. मधला थर एका ठिकाणीं मोडतो, मोड क्षणांत चहूंकडे धांवते, आणि शेंकडों हात रुंदीचा पाटा एकदम सुटतो. उताराचा कोन ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असला म्हणजे हें विशेष घडतें. याहून सपाट जागीं बर्फ सहसा घसरत नाहीं. याहून उभ्या जागीं तो फारसा सांचतच नाहीं.

या ज्ञानाच्या बळावर माणूस रॉजर्स खिंडींत पुन्हां आला, तो या वेळीं मोटारींचा रस्ता घेऊन. १९६२ सालीं कॅनडाचा राष्ट्रीय महामार्ग या खिंडींतून सुरू झाला. आतां छपऱ्यांच्या जोडीला बर्फाचा रोजचा अभ्यास आला आणि तोफाहि आल्या. बर्फ धोक्याचा झाला असें निरीक्षकांनीं ठरविलें कीं रस्ता बंद करावयाचा, वाहनें थोपवावयाचीं, आणि लष्कराच्या १०५ मिलिमीटरच्या होविट्झर तोफांनीं उतारांवर गोळे टाकून बर्फ आपल्या सोयीच्या वेळीं पाडावयाचा. गेलीं साठ वर्षें या पद्धतीनें हा मार्ग सांभाळला गेला आहे. प्रवासी मोटारींत कॉफी पीत तासभर थांबतो आणि पुढें जातो. आपल्यासाठीं कोणी बर्फाची परीक्षा केली, याची त्याला बहुधा वार्ताहि नसते.

येथपर्यंतचा इतिहास विजयाचा आहे. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. माणूस ठराविक वाटेनेंच जाणार, हें तें गृहीत. रुळ किंवा रस्ता एका रेघेंत असतो, म्हणून त्यावर छप्पर घालतां येतें, बोगदा खणतां येतो, फाटक लावतां येतें. ही रेघ पुसून टाकणारें वाहन त्याच देशाच्या दुसऱ्या टोंकाला जन्म घेत होतें.

क्वेबेक प्रांतांत व्हॅलकूर नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील जोझेफ-आर्मां बोंबार्दिए या मुलानें १९२२ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, मोटारीचें जुनें इंजिन घसरगाडीवर बसवून तें बर्फावर चालवून दाखविलें. त्या काळीं क्वेबेकचीं खेडीं हिंवाळ्यांत जगापासून तुटत. १९३४ सालीं बोंबार्दिएचा दोन वर्षांचा मुलगा पोटांतल्या विकारानें आजारी पडला. बर्फानें वाटा बंद, रुग्णालय दूर, आणि मूल हातचें गेलें. पुढें १९३७ सालीं त्यानें दांतेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याचा शोध नोंदविला आणि त्याच्या बंद गाड्या डॉक्टरांना, टपालाला आणि शाळेच्या मुलांना बर्फावरून नेऊं लागल्या. १९५९ सालीं त्यानें एकदोन माणसांनीं घोड्यासारखें बसून हांकावयाचें हलकें यंत्र बाजारांत आणलें. त्याचें नांव स्की-डू. अशा वाहनाला स्नोमोबाईल म्हणतात. पुढें दोन लहान घसरपट्ट्या, मागें फिरता पट्टा, मध्यें इंजिन आणि हातांत सायकलीसारखा दांडा, अशी त्याची रचना. उत्तरेकडील शिकाऱ्यांच्या कुत्र्यांच्या गाड्यांची जागा त्यानें घ्यावी, हा मूळ हेतु. १९६८ सालीं राल्फ प्लेस्टेड आणि त्याचे सोबती याच वाहनांवरून उत्तर ध्रुवावर पोंचले.

त्या पहिल्या स्की-डूची शक्ति ७ अश्वशक्तींची होती. सपाट शेतें आणि गोठलेलीं सरोवरें हेंच तिचें क्षेत्र. खोल भुसभुशीत बर्फांत ती रुते, उभा चढ तिला चढवत नसे. तिच्या दुबळेपणानेंच स्वाराचें रक्षण होई, असें म्हटलें तरी चालेल. १९९० नंतर डोंगरासाठीं म्हणून खास यंत्रें निघालीं. त्यांचा पट्टा लांब, पट्ट्यावरचे दांते खोल, आणि आजच्या यंत्रांत १५० अश्वशक्ति ही साधी गोष्ट होऊन बसली आहे. पूर्वीं जेथें स्कीवर चढणाऱ्यास अर्धा दिवस लागे, तेथें हा स्वार कांहीं मिनिटांत जातो. यांतूनच एक खेळ निघाला. उभ्या उतारावर वेगानें चढावयाचें, इंजिनाचें बळ संपतां संपतां वळण घ्यावयाचें आणि खालीं यावयाचें. ज्याच्या वळणाची खूण सर्वांत उंच तो जिंकला.

हा खेळ हिमप्रपाताच्या दृष्टीनें अत्यंत वाईट ठिकाणीं खेळला जातो. चढाची जी पट्टी सुटण्यास सर्वांत योग्य, तिच्यावरच स्वार आपला आणि यंत्राचा मिळून कांहीं क्विंटलांचा भार नेऊन वळवितो. पायीं किंवा स्कीवर जाणाऱ्यास बर्फ आपले इशारे देत असतो: पायाखालीं पोकळ आवाज होतो, बारीक भेग पडलेली दिसते. इंजिनाच्या गर्जनेंत तो आवाज ऐकूं येत नाहीं आणि वेगामुळें भेग दिसत नाहीं. एका दिवसांत स्वार जेवढे उतार ओलांडतो, तेवढ्या वेळां तो आपलें दैव पाहतो. त्यांत एखाद्याचें यंत्र चढावर रुतलें तर मित्र मदतीला वर जातो आणि त्याच थरावरचा भार दुप्पट होतो. हिमप्रपातांत सांपडलेल्या दहांपैकी सुमारें नऊ जणांच्या बाबतींत तो प्रपात त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानें सोडलेला असतो, असें अभ्यासकांस आढळलें आहे. आरंभीं सांगितलेला भेद तो हाच.

याचें फळ लवकरच दिसूं लागलें. २००८ सालच्या डिसेंबरच्या २८ तारखेस ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय कोपऱ्यांत फर्नी गांवाजवळच्या डोंगरांत अकरा जण स्नोमोबाईल घेऊन गेले होते. सगळे स्पारवुड या कोळशाच्या खाणींच्या लहानशा गांवचे. त्यांपैकी सात जण एका प्रपाताखालीं गाडले गेले. उरलेले चौघे तांतडीनें आले आणि त्यांना उकरूं लागले. इतक्यांत वरून दुसरा लोट आला आणि हे चौघेहि गाडले गेले. दोघे कसेबसे बाहेर पडले, त्यांनीं तिसऱ्यास काढलें, आणि आणखी बर्फ सुटण्याच्या भीतीनें त्यांना ती जागा सोडावी लागली. आठ जण गेले. गांव एवढें लहान कीं त्यांचा शोक ज्याला शिवला नाहीं असें घर तेथें क्वचितच असेल. १९१० च्या त्या रात्रीची आठवण येथें कोणास झाल्यावांचून राहील? त्याच प्रांतांत, त्याच रीतीनें, दुसऱ्या लोटानें मदतीला गेलेल्यांस गांठलें होतें.

मग २०१० सालचा मार्च उगवला. रॉजर्स खिंडीच्या पश्चिमेस सुमारें ७० किलोमीटरांवर रेव्हेलस्टोक हें गांव आहे. १३ मार्च रोजीं, म्हणजे खिंडींतील त्या अपघाताला शंभर वर्षें होऊन नऊच दिवस लोटले असतां, गांवाजवळच्या बोल्डर डोंगरावर सुमारें दोनशें लोक स्नोमोबाईलांचा खेळ करण्यास आणि पाहण्यास जमले. त्या दिवसांत बर्फ अत्यंत धोक्याचा आहे, असा इशारा हिमप्रपात-केंद्रानें आधींच दिलेला होता. कांहीं स्वार वर चढत होते आणि बाकीचे उताराच्या पायथ्याशीं, प्रपात येऊन थांबण्याच्या नेमक्या जागीं, पाहत उभे होते. दुपारीं वरचा बर्फ सुटला. दोघे मेले आणि सुमारें तीस जण जखमी झाले. हानि याहून किती मोठी झाली असती, या कल्पनेनें अंगावर कांटा येतो. ती टळली, कारण तेथें हजर असलेल्या स्वारांनींच फावडीं घेऊन गाडलेल्यांना तत्काळ बाहेर काढलें.

या तत्परतेचें महत्त्व आंकड्यांत सांगतां येतें. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील अभ्यासानुसार, १५ मिनिटांच्या आंत बाहेर काढलेल्या दहा जणांपैकी नऊ वांचतात. ३५ मिनिटें होतां होतां हें प्रमाण दहांपैकी तिघांवर येतें. कॅनडांतील बर्फाखालीं तर हा काळ याहूनहि तोकडा असल्याचें पुढें दिसून आलें. शहरांतून मदत येईपर्यंत सारें संपलेलें असतें. वांचविणारा असतो तो शेजारचा सोबतीच. म्हणून प्रत्येक स्वारानें अंगावर संकेत पाठविणारें आणि घेणारें लहान यंत्र बांधावें, लांब सळई आणि फावडें जवळ ठेवावें, असा नियम झाला आहे. हें संकेतयंत्र १९६८ सालीं अमेरिकेंत बफेलो येथें जॉन लॉटन यांनीं तयार केलें. शोध घेणाऱ्यानें आपलें यंत्र ऐकण्याकडे वळविलें कीं गाडलेल्याच्या यंत्राचा संकेत जवळ जातां जातां स्पष्ट होत जातो. परंतु हें यंत्र बर्फाला अडवीत नाहीं. तें फक्त कोठें खणावें एवढें सांगतें.

२००३ सालच्या हिंवाळ्यांत रॉजर्स खिंडीजवळ स्कीवर गेलेले सात शाळकरी विद्यार्थी प्रपातांत सांपडून मेले, तेव्हां सारा कॅनडा हळहळला. त्यानंतर २००४ सालीं रेव्हेलस्टोक येथें राष्ट्रीय हिमप्रपात-केंद्र निघालें. धोक्याच्या पांच पायऱ्या ठरवून तें हिंवाळ्यांत नियमित इशारे प्रसिद्ध करतें, वर्ग चालवितें, आणि स्नोमोबाईलस्वारांकडे विशेष लक्ष पुरवितें. त्याचे उपदेश अगदीं साधे आहेत. निघण्यापूर्वीं इशारा वाचा. उतारावर एका वेळीं एकानेंच जा. बाकीच्यांनीं प्रपाताच्या वाटेपासून दूर, सुरक्षित जागीं थांबा. रुतलेल्याला एकट्यालाच सुटूं द्या. खणावयास धांवण्यापूर्वीं वर पाहा.

आपल्या देशांतहि हा विषय अगदीं परका राहिलेला नाहीं. हिमालयांतील बर्फाच्या अभ्यासासाठीं मनाली येथें १९६९ सालीं सरकारी संस्था निघाली. २०२० पासून तिचें काम चंदीगढच्या नव्या संस्थेकडे गेलें आहे. गुलमर्गला जाणारीं मराठी कुटुंबें स्नोमोबाईलवर हौसेनें फेरी मारतात. ती फेरी आंखलेल्या सौम्य जागेवर असते, तोंवर तिच्यांत भय फारसें नाहीं. परंतु त्याच गुलमर्गच्या वर, अफरवाटच्या उतारांवर, १ फेब्रुवारी २०२३ रोजीं पोलंडचे दोन स्कीपटू हिमप्रपातांत मरण पावले. आंखलेली जागा आणि वरचा उतार यांतलें अंतर हौसेच्या भरांत फार थोडें भासतें.

या शंभर वर्षांत रेल्वेनें डोंगर सोडून दिला आणि रस्त्यानें फाटक लावलें. स्नोमोबाईलच्या स्वारापुढें फाटक नाहीं, डोक्यावर छप्पर नाहीं, आणि तोफहि त्याच्यासाठीं उडणार नाहीं. एका लेंकराचा जीव वांचविण्यास जें वाहन हवें होतें, तेंच आज कित्येकांच्या लेंकरांना धोक्यांत नेतें. तरी दोष वाहनाला देणें बरोबर होणार नाहीं. १९१० च्या रात्रीं खंदकांत उतरलेल्या मजुरांना नाहीं म्हणण्याची सोय नव्हती. काम नाकारलें तर मजुरी बुडाली असती, आणि वरच्या उताराविषयीं त्यांना कोणी कांहीं विचारलें नव्हतें. आजच्या स्वाराला सगळें विचारतां येतें, सगळें वाचतां येतें, आणि कोणी हुकूम केलेला नसल्यामुळें उताराच्या पायथ्यापासून माघारीं फिरतां येतें. त्या अठ्ठावन्न जणांना जें मिळालें नाहीं, तें त्याच्या हातांत आहे.